एका मिनिटात ‘क्वांटम मॅग्नेटिक’ तपासणी? चुंबक आणि लहरी लांबून बोलतात हे खरं, पण मुठीतल्या दांडीशी नाही

मंगल कार्यालयाचा हॉल. एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि लॅपटॉपला वायरने जोडलेली धातूची एक दांडी. दांडी मुठीत धरून मिनिटभर गप्प बसायचं. मग प्रिंटरमधून पानंच्या पानं बाहेर पडतात. लिव्हर इतकं, किडनी इतकी, कॅल्शियम कमी, हार्मोन्स बिघडलेले, हाडं कमजोर. रक्ताचा थेंबही न काढता.

सातारा-सांगलीच काय, राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा शिबिराचा मेसेज कधी ना कधी येऊन गेलेला असतो. यंत्राचं नाव भारदस्त असतं. क्वांटम, मॅग्नेटिक, रेझोनन्स, अॅनालायझर हे चार शब्द पुढेमागे करून ते तयार होतं. दावा असा की शरीरातली प्रत्येक पेशी चुंबकीय लहरी सोडते, दांडी त्या पकडते आणि कॉम्प्युटर त्यांची फ्रिक्वेन्सी जुळवून आजार सांगतो. रिपोर्टमध्ये काहीतरी लाल रंगात येतंच. आणि त्यावरच्या गोळ्या-पावडरी बऱ्याचदा शेजारच्याच टेबलावर असतात.

कुणी शंका काढली तर उत्तर तयार असतं. सायन्सने सिद्ध केलंय, बातम्या वाचा. गंमत म्हणजे बातम्या खरोखर आहेत. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याच वर्षी चीनमधल्या संशोधकांनी सूक्ष्मलहरी आणि चुंबक यांची घट्ट जोडणी तब्बल २० मीटर अंतरावरून करून दाखवली, तीही साध्या खोलीच्या तापमानाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचं वर्ष म्हणून जाहीर केलं.

मग प्रश्न पडणं साहजिक आहे. चुंबक आणि लहरी २० मीटरवरून एकमेकांशी बोलू शकत असतील, तर हातात धरलेल्या दांडीशी शरीर का बोलणार नाही? प्रश्न अजिबात वेडगळ नाही. त्याचं उत्तर शोधायला मिरजेला जावं लागेल.

आधी तंबोरा

मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. एकोणिसाव्या शतकापासून इथल्या कारागिरांची ही ओळख आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दोन तंबोरे एकाच सुरात लावून शेजारी ठेवा. एकाच्या जोडीच्या तारेवर कागदाचा चिमुकला तुकडा दुमडून बसवा आणि दुसऱ्याची जोडीची तार छेडा. ज्याला हातही लावलेला नाही त्या तंबोऱ्यावरचा कागद थरथरतो, कधी उडून खाली पडतो. आता पहिल्या तंबोऱ्याची खुंटी थोडी पिळून सूर बिघडवा आणि पुन्हा छेडा. कागद ढिम्म. सतारीच्या तरफांचं कामही याच तत्त्वावर चालतं. वरची तार छेडली की तिच्या सुराशी जुळणारी खालची तरफ आपोआप झंकारते.

शाळेच्या पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. काळी एकच्या सुरात लावलेली जोडीची तार सेकंदाला साधारण १३९ वेळा कंप पावते. समोरची तारही तेवढ्याच वेळा कंप पावणारी असेल, तर हवेतून येणारा प्रत्येक बारीक धक्का तिला योग्य क्षणी बसतो आणि धक्के साठत जातात. सूर वेगळा असेल तर एक धक्का पुढे ढकलतो आणि पुढचा मागे ओढतो. हिशेब शून्य.

सूर मोजण्याचं वेड या भागाला जुनं आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायकीची मदत घेऊन बावीस श्रुतींची कंपनसंख्या मांडायचा प्रयत्न केला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यांच्या आकड्यांवर पुढे संगीतातल्या जाणकारांमध्ये भरपूर वाद झाले. पण सूर लागला की नाही हे आकड्यात पकडून दाखवायचं, ही वृत्ती लक्षात ठेवा. दांडीपाशी परत आल्यावर तिचीच गरज पडणार आहे.

चुंबकालाही सूर असतो

लोखंडातल्या किंवा तुमच्या शरीरातल्या पाण्यातल्या अतिसूक्ष्म कणांना स्पिन नावाचा गुण असतो. त्यामुळे प्रत्येक कण म्हणजे इवलासा चुंबक. त्याला मोठ्या चुंबकाजवळ ठेवलं की तो सरळ उभा राहत नाही. फिरताना तिरक्या झालेल्या भोवऱ्यासारखा तो गोल-गोल डोलतो. हे डोलणं ठरलेल्या वेगाने होतं आणि तोच त्याचा सूर.

चुंबक जितका ताकदवान तितका सूर वर चढतो. चुंबकाची ताकद टेस्ला या एककात मोजतात. हायड्रोजनच्या अणुकेंद्राचा म्हणजे प्रोटॉनचा सूर १ टेस्लाला सेकंदाला ४ कोटी २५ लाखांच्या आसपास असतो. इलेक्ट्रॉन तर १ टेस्लाला सेकंदाला २,८०० कोटी वेळा डोलतो.

आता लहरींची बाजू. प्रकाश म्हटलं की आपल्याला बल्ब आठवतो, पण रेडिओच्या लहरी, वायफायच्या लहरी आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश ही एकाच कुटुंबातली भावंडं आहेत. फरक फक्त कंपनसंख्येचा. म्हणून भौतिकशास्त्रात ‘प्रकाश आणि चुंबक’ असं म्हणतात तेव्हा त्यात सूक्ष्मलहरीही येतात. प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे मायकेल फॅरडेने १८४५ मध्येच दाखवलं होतं. जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा चुंबकाने वळते, असा तो प्रयोग. पण वळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बोलायला सूर जुळावा लागतो.

मिरजेतली दुसरी खोली

मिरजेची दुसरी ओळख दवाखान्यांची. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे सुरू केलेल्या रुग्णालयापासून ती चालत आली. आज पश्चिम महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून पेशंट मिरज-सांगलीत येतात आणि त्यातल्या अनेकांना एमआरआयच्या खोलीत जावं लागतं.

एमआरआय म्हणजे खरीखुरी क्वांटम, मॅग्नेटिक आणि रेझोनन्स तपासणी. दांडीवाल्याने वापरलेले शब्द इथे अक्षरशः लागू आहेत. एम म्हणजे मॅग्नेटिक, आर म्हणजे रेझोनन्स. त्यामुळे ही खोली नीट बघण्यासारखी आहे.

पेशंट ज्या बोगद्यात जातो त्याच्याभोवतीचा चुंबक सर्वसाधारणपणे १.५ टेस्लाचा असतो. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकत्व साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे हा चुंबक त्याच्या सुमारे ३७ हजार पट ताकदवान. एवढी ताकद टिकवायला त्याची तारेची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांना ठेवतात. भिंतींमध्ये तांब्याचं अस्तर असतं, म्हणजे बाहेरच्या रेडिओ लहरी आत यायला नकोत. नाणं, किल्ली, मोबाईल, कमरेचा पट्टा सगळं बाहेर काढून ठेवायचं.

या चुंबकात शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा डोलतात. मशीन नेमक्या त्याच सुराची रेडिओ लहर सोडतं. प्रोटॉन तिच्या तालावर येतात, लहर थांबते आणि मग ते स्वतः क्षीण लहर सोडत शांत होतात. तीच ऐकून चित्र काढलं जातं. या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एवढा फौजफाटा का लागतो, हे एका आकड्यावरून कळतं. शरीराच्या उष्णतेमुळे प्रोटॉन सतत इकडेतिकडे उधळत असतात. १.५ टेस्लाचा अजस्र चुंबक लावूनही एका दिशेचे प्रोटॉन दुसऱ्या दिशेच्या प्रोटॉनपेक्षा दर दहा लाखांमागे फक्त पाचाच्या आसपास जास्त भरतात. बाकीचे एकमेकांना काटून टाकतात. सगळा एमआरआय त्या दहा लाखांतल्या पाचांवर चालतो.

ऐकणं वेगळं, जुगलबंदी वेगळी

एमआरआयमध्ये आधी लहर बोलते, मग ती गप्प होते आणि प्रोटॉन बोलतात. संशोधकांना गेली काही वर्षं याच्या पुढचं काहीतरी हवं होतं. लहर आणि चुंबक यांच्यात अशी देवाणघेवाण, की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जावी, पूर्ण परत यावी, पुन्हा जावी, आणि या सगळ्यात ताल सुटू नये. शास्त्रीय भाषेत याला सुसंगत, प्रबळ जोडणी म्हणतात. आपण जुगलबंदी म्हणू.

घरी बघायचं असेल तर दोन खांबांमध्ये एक दोरी आडवी बांधा. तिला दोन सारख्या बाटल्या पाणी भरून सारख्या लांबीच्या सुतळीने टांगा. एकीला झोका द्या. थोड्या वेळात ती हळूहळू थांबते आणि दुसरी झोके घ्यायला लागते. मग दुसरी थांबते आणि पहिली सुरू होते. बाटल्यांना पुन्हा हात लावायची गरज पडत नाही. अट एकच, बाटल्या हवेच्या आणि दोरीच्या घर्षणाने थांबायच्या आत ही अदलाबदल व्हायला हवी. देवाणघेवाणीचा वेग गळतीपेक्षा जास्त असला तरच जुगलबंदी, नाहीतर सूर जुळूनही मैफल सुरू होण्याआधीच संपते.

चुंबकाच्या बाबतीत अडचण अशी की एकट्या इलेक्ट्रॉनची सूक्ष्मलहरीवरची पकड अगदीच किरकोळ असते. उपाय म्हणजे समूहगान. यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांचा यिट्रियम आयर्न गार्नेट नावाचा स्फटिक आहे. संक्षेपाने यिग. १९५० च्या दशकात सापडलेल्या या पदार्थाची ख्याती अशी की यातलं डोलणं फार काळ टिकतं, गळती अगदी कमी. त्याच्या १ मिलिमीटर व्यासाच्या गोळीत एकावर एकोणीस शून्यं इतके स्पिन असतात आणि ते सगळे एका तालात डोलू शकतात. या सामूहिक डोलण्याच्या एका क्वांटम पुडीला मॅग्नॉन म्हणतात. सगळे एकत्र डोलले की पकड त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी वाढते, म्हणजे सुमारे ३०० कोटी पट.

ही गोळी धातूच्या पोकळ डबीत ठेवून, डबीत सूक्ष्मलहरी घुमवून २०१३-१४ च्या सुमारास जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी जुगलबंदी दाखवली. गोळीजवळचा चुंबक ०.१८ टेस्लाचा असेल तर सूर सेकंदाला सुमारे ५०० कोटी कंपनांवर बसतो. तुमच्या घरातल्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचा पट्टा हाच.

इथे एक खूण असते. सूर जुळल्यावर एक स्वर ऐकू येईल असं वाटतं, पण प्रबळ जोडणीत एकाचे दोन स्वर होतात, एक थोडा वरचा आणि एक थोडा खालचा. मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर एक शिखर फुटून दोन होताना दिसलं की जुगलबंदी पक्की. आकड्यात पकडून दाखवायचं म्हणजे असं.

मग २० मीटरचं काय?

आतापर्यंत दोघं एकाच डबीत होते. लांबून बोलायचं म्हटलं की गळती वाढते. तंबोऱ्याचंच बघा ना. शेजारच्या खोलीतला तंबोरा साद देईल, पण मिरजेत तार छेडून कऱ्हाडातला तंबोरा झंकारणार नाही. आवाज चहूकडे पसरतो आणि भिंती, माणसं, पडदे तो खाऊन टाकतात.

लहानपणी दोन काड्यापेट्या आणि दोरा घेऊन फोन केला असेल, तर त्यावरचा पहिला उपाय माहीत आहे. लहरीला मोकळं सोडायचं नाही, तिला वाट द्यायची. स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये ही वाट लेझरची केली. एका बाजूला थरथरणारा अतिपातळ पडदा, १ मीटरवर रुबिडियमच्या अणूंचा ढग आणि दोघांमध्ये जाऊन परत येणारा लेझरचा किरण. फेरी अशी रचली की किरणाबरोबर माहिती बाहेर सांडू नये. पडदा आणि अणूंचे स्पिन यांच्यात प्रबळ जोडणी झाली. प्रकाशाच्या दोरीने दोन वेगळ्या जातीच्या वस्तू बांधल्या गेल्या.

२०२३ चा चिनी प्रयोग फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. त्यात सूक्ष्मलहरींची पोकळी एकीकडे, चुंबक दुसरीकडे आणि मध्ये लांब कोॲक्सियल केबल. टीव्हीच्या डिशला असते त्याच जातीची, आत तार आणि बाहेर जाळीचं वेष्टन. फक्त केबल जोडून भागलं नसतं, कारण लहर केबलमध्ये जाते म्हणजेच पोकळीतून गळते आणि गळती वाढली की ताल सुटतो. म्हणून त्यांनी पोकळीत ऊर्जेची भर घालणारा भाग बसवला.

यात खरी मेख आहे. लग्नाच्या हॉलमध्ये माईकचा आवाज वाढवला की एका क्षणी कर्कश शिट्टी येते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा स्पीकरमध्ये आणि चक्र हाताबाहेर. संशोधकांनी वापरलेली भर ठरावीक पातळीला पोचली की आपोआप आवरती होते. पोकळीचं नुकसान भरून निघतं, पण चुंबकाकडे जाणारी लहर तशीच राहते. त्यातून सुसंगत जोडणी सुमारे २० मीटरपर्यंत टिकली. शिवाय दोन्ही टोकांना हात न लावता, मधल्या लहरीची ताकद आणि ताल बदलून ही जोडणी लांबूनच कमीजास्त करता आली.

२० मीटर म्हणजे एसटीच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्यावर होते त्याच्या आसपासची लांबी. ऐकायला थोडं वाटेल, पण १ मिलिमीटरच्या गोळीच्या मानाने ते २० हजार पट आहे.

याचा उपयोग काय, आणि आपल्याकडे काय?

सध्या तरी घरात वापरायची कुठलीही वस्तू यातून निघालेली नाही. आशा अशी आहे की पुढेमागे क्वांटम कॉम्प्युटरचे वेगवेगळे भाग एकमेकांना जोडायला अशा जोडण्या कामी येतील. अतिवाहक क्वांटम कॉम्प्युटर सूक्ष्मलहरींची भाषा बोलतात आणि लांब पल्ल्याची ऑप्टिकल फायबर दिसत्या प्रकाशाच्या जवळची. मॅग्नॉनला दोन्ही भाषा येतात, म्हणून त्याच्याकडे दुभाषा म्हणून पाहिलं जातं. पण आजच्या घडीला हा दुभाषा बहुतेक शब्द वाटेत हरवतो.

भारताच्या क्वांटम मिशनचे चार मुख्य केंद्रगट आहेत. त्यातला सूक्ष्म मोजमापांचा, म्हणजे सेन्सिंगचा, गट मुंबईच्या आयआयटीकडे आहे. अतिसंवेदनशील चुंबकमापक बनवणं हे मिशनच्या जाहीर उद्दिष्टांपैकी एक.

सातारा-सांगलीच्या विज्ञान महाविद्यालयांना हा विषय परका नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात आणि त्या परंपरेतल्या महाविद्यालयांत फेराइटवर अनेक वर्षं काम चालू आहे. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेले चुंबकीय पदार्थ. लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर जो जाडसर गठ्ठा दिसतो तो फेराइटचाच. निकेल, कोबाल्ट, झिंक यांची क्षारद्रावणं मिसळून, भट्टीत भाजून फेराइटची पूड तयार करणं एम.एस्सी.च्या प्रकल्पांत नेहमीचं. यिग या कुटुंबाचा जवळचा नातेवाईक. म्हणजे चुंबकाचा सूर कसा मोजायचा हे ठाऊक असलेली माणसं याच जिल्ह्यांत आहेत. तरीही गावातल्या माणसाला क्वांटम हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो प्रयोगशाळेतून नाही, मंगल कार्यालयातल्या टेबलावरून.

आता दांडी मुठीत घ्या

शरीरातून चुंबकीय लहरी निघतात हा दावा शंभर टक्के खोटा नाही, आणि म्हणूनच तो खपतो. हृदयात वीज वाहते, त्यामुळे हृदयाभोवती खरोखर चुंबकीय क्षेत्र असतं. १९६३ मध्ये ते पहिल्यांदा मोजलं गेलं. पण ते पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी क्षीण असतं आणि मेंदूचं त्याहूनही शेकडो पटींनी. ते पकडायला स्क्विड नावाची, अतिथंड अवस्थेत चालणारी क्वांटम उपकरणं लागतात आणि सहसा चुंबकीय गोंधळ अडवणारी खास खोली. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्रात अशी व्यवस्था उभी केली आहे.

गोंधळ किती त्रासदायक ठरतो याचं जुनं उदाहरण मुंबईचंच. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी चालायच्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवावं लागलं. ट्रामच्या विजेने पृथ्वीच्या नोंदी बिघडतील अशी भीती होती. इथे तर पृथ्वीच्या दहा लाखांश भागाबद्दल बोलणं चाललंय, आणि शेजारी लॅपटॉपचा चार्जर, वर पंखा, खिशात मोबाईल.

मग दांडीकडे बघा. चुंबक कुठे आहे? प्रोटॉनना सुरात आणणारी लहर सोडणारी गुंडाळी कुठे आहे? गळती अडवणारी डबी, केबल, तांब्याचं अस्तर यातलं काहीच नाही. मुठीत धरलेल्या धातूच्या दांडीला फार तर त्वचेतून वीज किती सहज जाते एवढं कळू शकतं आणि ते तळहाताला घाम किती आहे यावर ठरतं. त्यातून कॅल्शियम निघत नाही. हार्मोन तर नाहीच. एमआरआयसारख्या यंत्रालाही तुमचं व्हिटॅमिन बी-१२ सांगता येत नाही, त्याला रक्तच तपासावं लागतं.

नुकसान फक्त तपासणीच्या पैशांचं असतं तर विषय एवढ्यावर सोडता आला असता. पण रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल बघून कुणी डायबेटिसची गोळी बंद केली तर? किंवा छातीत दुखत असताना ‘हृदय उत्तम’ वाचून कुणी घरीच थांबलं तर? नसलेल्या आजारावर पावडरी घेणारा निदान पैशांवर निभावतो. असलेला आजार झाकला गेलेल्या माणसाचं तसं होत नाही.

कायदा काय म्हणतो? वैद्यकीय उपकरणांचे नियम देशात २०१७ मध्ये आले आणि एप्रिल २०२० पासून निदानासाठीची उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आणली गेली. परवान्याची सक्ती टप्प्याटप्प्याने ऑक्टोबर २०२३ पर्यंत सगळ्या वर्गांना लागू झाली. त्यामुळे आमचं मशीन आजार ओळखतं असं कुणी म्हणत असेल, तर त्या मशीनचा परवाना क्रमांक मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हे फक्त वेलनेससाठी आहे असं उत्तर आलं, तर मग रिपोर्टवर लिव्हर आणि किडनीची नावं का, हा पुढचा प्रश्न. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा इथे कितपत पोचतो हा अवघड मुद्दा आहे. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवणं, चमत्काराचा दावा करून फसवणं, अघोरी प्रथा अशा गोष्टी आहेत. लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसलेला माणूस त्या चित्रात चटकन बसत नाही. तो चमत्कार म्हणत नाही, सायन्स म्हणतो.

हा कायदा ज्यांच्या पाठपुराव्यातून आला ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. दावा करणाऱ्याशी नुसता वाद घालत बसण्यापेक्षा त्याला सगळ्यांसमोर पडताळणीला बसवायचं, ही या चळवळीची नेहमीची पद्धत.

तीच इथेही चालते, आणि त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. ही यंत्रं तपासणीआधी नाव, वय, वजन, उंची आणि लिंग भरायला लावतात. पहिल्यांदा खरी माहिती द्या. अर्ध्या तासाने दुसऱ्या कुणाला ऑपरेटरसमोर बसवून तुमचंच नाव पण वय वीस वर्षांनी वाढवून सांगायला लावा, दांडी मात्र तुम्हीच धरा. तिसऱ्यांदा दांडी ओल्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवायला सांगा. ऑपरेटर तयार झाला नाही तर का नाही ते विचारा. तयार झाला तर तिन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून फोटो काढा, आणि ज्या ग्रुपवर शिबिराचा मेसेज आला होता त्याच ग्रुपवर टाका.